बांधकऱ्याच्या मातीला रजा नाही

सुभेदार, तुम्ही गेल्याचं मला जेलच्या ऑफिसात उभं करून सांगितलं. टेबलामागच्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तुमच्या याचिकेतला अर्जदार वारला. वकिलांचा निरोप आहे." अर्जदार म्हणे. आख्ख्या गावात तुम्हाला सुभेदार सोडून कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही, आणि माझ्या कानावर तुमची शेवटची खबर आली ती अशी.

मी मातीला जायला रजा मागितली. साहेबांनी विचारलं, "नातं काय?"

"बांधकरी."

"म्हणजे?"

"त्यांच्या शेताला आमचं शेत लागून आहे."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी नियम वाचून दाखवला. आईबाप, बायको, मुलं, सख्खा भाऊ, सख्खी बहीण. आमच्यासारख्या स्थानबद्धाला त्यातलंही सहज मिळत नाही म्हणाले. बांधकऱ्याच्या मातीला रजा नाही. मी बराकीत परत आलो आणि भिंतीकडं तोंड करून बसलो.

तुमचंही पहिल्या भेटीला इथंच अडलं होतं की. फाटकावरच्या शिपायानं नातं विचारलं तेव्हा तुम्ही बांधकरीच सांगितलंत. तो म्हणाला, हे नातं होत नाही. त्यावर तुम्ही त्याला म्हणालात, "मग दुस्मन लिव्ह. पर आत सोड." त्यानं हसून 'मित्र' लिहिलं. काचेपलीकडं बसून तुम्ही मला पहिलं वाक्य काय बोललात आठवतं? "सलम्या, मित्र लिवलंय त्येनं. गावात सांगू नको कुणाला."

तुमचं शेत वरच्या अंगाला, माझं खालच्या. मधे बांध, बांधावर बोर, आणि बोरीच्या बुडातून जाणारी उसाची एक सरी. ती सरी माझ्या अब्बांची की तुमच्या वडिलांची, यावर दोन पिढ्या भांडल्या आणि तिसरी आपण. मोजणी दोनदा झाली. पहिल्यांदा ती माझ्यात निघाली, दुसऱ्यांदा तुमच्यात. बरं, त्या सरीतून ऊस निघून निघून किती निघणार? पण तुम्ही इस्लामपूरच्या बाजारात भेटलात तरी रामराम घालायच्या आधी विचारायचात, "सरीचं काय ठरवलंस?" मी कुपवाडला दिवसभर ट्रॉल्यांना वेल्डिंग मारून मोटारसायकलवरून यायचो, डोळे चुरचुरत असायचे, आणि गावाच्या कमानीपाशी तुम्ही उभे. मला पाहिलं की काठी आडवी धरायची. घरी पोचायच्या आत भांडण उरकून घ्यायचं असा तुमचा शिरस्ता.

आणि दर साली उसाच्या लागणीच्या आधी एक फिर्याद. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. वकीलबाई साताऱ्याच्या, शहरात वाढलेल्या. त्यांना मी हे समजावताना घाम फुटला. आमच्याकडं बांधाला बांध लागून असलेला प्रत्येक माणूस लागणीआधी ठाण्यात जाऊन एक फिर्याद ठोकून येतो. एका साली मी, एका साली तुम्ही. मग हवालदार दोघांना बोलावतो, चहा पाजतो, चहाचे पैसे आपल्याकडूनच घेतो, आणि दोघं एकाच मोटारसायकलवर गावात परत येतो. त्या फिर्यादीत एक ओळ असावीच लागते. 'जिवे मारण्याची धमकी दिली.' ती ओळ नसेल तर हवालदार पेनाचं टोपणसुद्धा काढत नाही. तुम्ही माझ्याविरुद्ध ती लिहिलीत, मी तुमच्याविरुद्ध लिहिली, गावातल्या भावाभावांनी आणि चुलत्यापुतण्यांनी एकमेकांविरुद्ध लिहिली. लग्नपत्रिकेवर गणपती असतो तशी ती ओळ. कुणी वाचत नाही.

ज्या साली वाचली गेली, त्या साली फिर्याद तुमची होती.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. मी बोरीखाली सरी ओढत होतो, तुम्ही वरून ओरडत आलात. तुमच्या कारभारीण काकी भाकरी घेऊन बोरीच्या सावलीला बसलेल्या. मी म्हणालो, मोजणी माझ्या बाजूनं झालीय. तुम्ही म्हणालात, दुसरी माझ्या बाजूनं. मी म्हणालो, "आवं सुभेदार, जरा वयाचा तरी विचार करा." तिथं तुमचा तोल गेला. वय काढलेलं तुम्हाला सरीपेक्षा जास्त लागायचं. मग तुम्ही जे बोललात ते तुम्हाला, मला आणि काकींना माहीत आहे. काकी तेवढ्यात म्हणाल्या, "भांडान करा, पर आमटी गार व्हतीया." आणि त्यांनी भाकरीचे दोन भाग केले. मी तुमच्या फडक्यातली आमटी-भाकरी खाल्ली, तुम्ही माझ्याकडं पाठ करून खाल्लीत, आणि संध्याकाळी जाऊन फिर्याद दिलीत. रीतीप्रमाणे.

पण ठाण्यात साहेब नवे होते. निवडणूक तोंडावर आलेली. त्यांना धोकादायक माणसं हवी होती आणि माझ्या नावावर आधीचे दोन गुन्हे होतेच. एक उसाच्या दराच्या आंदोलनात ट्रॅक्टर अडवल्याचा, दुसरा कुपवाडला गिऱ्हाइकाशी झालेल्या झटापटीचा. तिसरी तुमची फिर्याद. चहा पाजायला कुणी बोलावलं नाही. माझं वर्कशॉप चालू असताना दोन गाड्या आल्या. हातातला वेल्डिंगचा चिमटा खाली ठेवायलाही वेळ दिला नाही. वर्षभरासाठी स्थानबद्ध. खटला नाही, जामीन नाही. हुकमात माझ्याबद्दल लिहिलं होतं की याच्या दहशतीमुळं लोक घराबाहेर पडत नाहीत. सुभेदार, ज्या माणसाला तुम्ही रोज कमानीपाशी काठी आडवी धरून अडवत होता, त्याची दहशत.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आलात ते मला माझ्या बायकोनं, रुक्सानानं, भेटीत सांगितलं. ती म्हणाली, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आत या म्हटलं तर आले नाहीत. पाणी दिलं तर प्यायले नाहीत. फक्त म्हणाले, "सूनबाई, ती वळ माझी हाय. ती मीच खोडनार." आणि गेले.

फिर्याद मागं घ्यायला तुम्ही ठाण्यात गेलात, तिथं म्हणाले आता आमच्या हातात नाही. कलेक्टर कचेरीत गेलात, तिथं साहेब दौऱ्यावर. मग साताऱ्याला वकीलबाईंकडं. त्यांनी तुम्हाला हेबियस कॉर्पस समजावलं: सरकारनं माणूस कोंडला तर त्याला समोर आणा आणि का कोंडला ते सांगा, असं कोर्टाकडून विचारून घ्यायचं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी हजेरी. पल्टनीत असतीया. मानूस कमी भरला तर सुभेदारानं जबाब द्यायचा." बाई म्हणाल्या, अर्ज त्याच्या बायकोच्या नावानं करू, तसाच करतात. तुम्ही ऐकलं नाहीत. बायको नवऱ्याला चांगलंच म्हणणार, त्याला काय वजन? ज्यानं फिर्याद दिली तोच म्हणाला की मला याची भीती नाही, तर कोर्ट का ऐकणार नाही? बाईंनी दोनदा बजावलं की हे अंगावर उलटू शकतं. तुम्ही सही ठोकलीत.

उलटलंच. सरकारी वकिलानं कोर्टात सांगितलं की बघा, फिर्याद देणाऱ्या म्हाताऱ्यालाच आरोपीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, यापेक्षा दहशतीचा आणखी काय पुरावा हवा? हायकोर्टानं निकालात लिहिलं की दबावाची शक्यता नाकारता येत नाही, आणि माणूस धोकादायक आहे या अधिकाऱ्याच्या समाधानात, म्हणजे त्याच्या खात्रीत, आम्ही हात घालणार नाही. याचिका फेटाळली. सीमेवर नोकरी करून आलेला माणूस ट्रॉल्यांना ठिगळं लावणाऱ्याला भितो, हे त्या कागदावर कायमचं छापलं गेलं. मला माझ्या कैदेपेक्षा त्याचा जास्त राग आला. तुम्हाला किती आला असेल ते मला त्या मंगळवारी दिसलं.

तो मंगळवार मला पुसून टाकता आला तर मी टाकेन. काचेपलीकडं तुम्ही बसलात. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. खिशातून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा शिपायानं आत सोडल्या नाहीत म्हणून तुम्ही त्या बाहेर बसून एकट्यानं संपवल्या होत्या, आणि तेही मला सांगितलंत. मग दिल्लीचं काढलंत. सुप्रीम कोर्टात अपील.

मी म्हणालो, "राहू द्या आता. वरीस हां हां म्हणता जाईल. सुटीन मी."

"तू सुटशील. ती वळ न्हाई सुटत. तुज्या पोरीला उद्या बगाय येतील, ते पयलं हेच इचारतील."

"वरचं कोर्टबी हेच म्हननार."

"हुकूम चुकला तर त्याच्या वरच्याकडं जायाचं. त्याच्या वर कुनी न्हाई अशा ठिकानापातूर जायाचं. मी आयुष्यभर हेच केलंय."

"आन् मी आयुष्यभर त्याच्या खाली ऱ्हायलोय," मी म्हणालो. "सुभेदार, ही पल्टन न्हाई. तुमाला झोप लागावी म्हनून मी कितीदा कोर्टात उभा ऱ्हाऊ?"

बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक केलंत, जसं ठाण्याच्या बाकावर बसून करायचात. मग उठताना म्हणालात, "फुडच्या मंगळवारी येतो. तवर डोकं थंड कर." सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं मी मनात म्हणालो. बराकीत आल्यावर वाटलं, पुढच्या मंगळवारी माफी मागू. आपल्यात माफी मागायची पद्धत नव्हती, पण काहीतरी बोललो असतो. सरीचा विषय काढला असता, म्हणजे तुम्हाला बरं वाटलं असतं.

अपिलाच्या कागदांवर सह्या करून तुम्ही साताऱ्याहून परत निघालात. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथल्या बाकावर बसलात आणि उठलाच नाहीत. शेजारच्या बाईनं उठवायला हात लावला तेव्हा तुम्ही गेलेले होतात. कागदांची पिशवी मांडीवर होती म्हणे. रुक्साना मातीला गेली, बायकांत मागं उभी राहिली. तुमच्या विक्रमनं तिला पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आता तरी बास करा. आमच्या बापाला तुमच्या कोर्टाच्या खेट्यांनी खाल्लं." ती तशीच परतली. मला हे सांगताना ती रडली, पण विक्रमला तिनं बोल लावला नाही. मीही लावत नाही. त्याच्या जागी मी असतो तर दगड उचलला असता.

वकीलबाई भेटायला आल्या त्या सरळ मुद्द्याचं बोलल्या. उरलेल्या दोन गुन्ह्यांत जीव नाही. आंदोलनाचा खटला सरकारनंच मागं घेतलाय, कुपवाडचं मिटलंय. सगळा डोलारा तुमच्या त्या ओळीवर उभा आहे. तुम्ही जिवंत होता तोवर कोर्टाला सांगता येत होतं, हा बघा माणूस, विचारा त्याला. आता सरकारी वकील म्हणणार, बिचारा भीतीपोटी सही करून गेला. त्याला खोटं पाडायला कुणी उरलं नाही. मग बाईंनी वही मिटली आणि विचारलं, "सलीमभाई, त्या दिवशी बांधावर नेमकं काय झालं? धमकी दिली गेली होती का?"

मी म्हणालो, "मी दिली नाही."

"कुणीतरी दिली होती का?"

सुभेदार, त्या बाई हुशार आहेत. त्यांना तिथंच कळलं असणार. पण माझ्या तोंडून निघालं नाही. 'माझी बंदूक असती तर आत्ता हितं तुला उडवला असता, बोरीखाली पुरला असता, आन् वरून सरी वढली असती.' हे वाक्य माझं नाही. ते तुमचं आहे. फिर्यादीतली ओळ खोटी नव्हती, फक्त तोंड बदललं होतं. तुम्ही निवृत्त सुभेदार, आणि हातात फक्त फावडं असलेल्या माणसाला तुम्ही असं बोललात, याची तुम्हाला लाज वाटत होती हे मला पहिल्या भेटीपासून दिसत होतं. अर्जात तुम्ही लिहिलंत की सलीमनं धमकी दिली नाही. कुणी दिली ते लिहिलं नाहीत. मीही कधी म्हटलं नाही की लिहा. तुमच्या सदऱ्याला कडक इस्त्री असायची. तिला मी सुरकुती पाडणार नव्हतो. तुम्ही जिवंत असताना पाडली नाही, तर आता तुम्ही नसताना कशी पाडू? सुटण्यासाठी मेलेल्या माणसाच्या नावावर धमकी लिहायची? सगळं गाव म्हणेल, बघा, म्हातारा याच्यासाठी झिजून मेला आणि यानं त्यालाच गुन्हेगार केलं.

दोन रात्री मी हाच विचार करत पडून होतो, आणि दोन्ही रात्री तुमच्यावर चिडलो होतो, हेही खरं आहे. एवढा आटापिटा केलात, एक वाक्य बोलला असतात तर?

आणि मंगळवारी माझं नाव पुकारलं. भेट आलीय. काचेपलीकडं काकी.

एकट्याच आल्या होत्या. रहिमतपूरला माहेरी जाते असं विक्रमला सांगून निघालेल्या. कपाळ मोकळं, पण पदर नीट, पायात तुमच्या जुन्या बुटांचे मोजे घातलेले, टाचा दुखतात म्हणून. फोन कानाला उलटा लावला होता. शिपायानं सरळ करून दिला.

"शिपायानं इचारलं नातं काय," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, बांधकरीन."

त्याच पुढं बोलल्या. "वकीलबाईकडं जाऊन आले. नाव बदलायचा कागद केला. ह्यांच्या जागी आता मी. दिल्लीला बोलावलं तर जानार. आमी जम्मूला क्वार्टरात व्हतो तवा दिल्लीला गाडी बदललीया चार बारी, मला ठावं हाय."

"काकी, विक्रम?"

"बोलत न्हाई माज्यासंगं. बोलंल." त्यांनी पदर सावरला. "आन् जे झालं ते समदं लिवून दिलं. मी तितंच व्हते की. कोन काय बोललं, ते जसंच्या तसं. बंदूक, बोर, सरी, समदं."

मी फोन घट्ट धरला. "काकी, ते नका लिहू. सुभेदारांचं नाव..."

"गप," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "परत्येक रातीला उठून बसत व्हते. म्हनायचे, कोर्टात सांगायला तोंड उगडत न्हाई माजं. म्या म्हनलं, मग मी सांगते. म्हनले, मी मेल्यावर सांग. हसत म्हनले. आता सांगितलं." मग त्यांनी काचेकडं वाकून, जणू शिपायाला ऐकू जाऊ नये म्हणून, हळूच विचारलं, "आरं, मेलेल्या मानसाला कोन कोंडतंय रं?"

सुभेदार, मी त्या काचेसमोर रडलो. शिपाई बघत होता, काकी बघत होत्या. तुमच्यासाठी रडलो. तुम्हाला बघायला मिळालं नाही ते बरं झालं, जन्मभर टोचून बोलला असतात.

परवा दिल्लीला तारीख आहे. काय होईल ते बाईही सांगत नाहीत, आणि मी विचारतही नाही. फेटाळलं तर वर्ष पुरं करीन. मान्य झालं तर ती ओळ माझ्या अंगावरून उठेल आणि तुमच्या अंगावर जाईल, आणि मला हे अजूनही नको आहे. पण काकींनी मला विचारलं नाही, तुम्ही तरी कुठं विचारलं होतं? तुमच्या घरात सह्या करायच्या आधी विचारायची पद्धतच नाही. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याला आमच्यात शुक्रिया म्हणतात. हा शब्द मी तुम्हाला कधी म्हटला नाही, कारण तुम्ही लगेच विचारलं असतंत, म्हणजे सरी दिलीस काय?

भेटीची वेळ संपली तेव्हा काकी जाता जाता वळल्या आणि म्हणाल्या, यंदा लागण केली, पण बोरीखालची सरी मोकळी सोडलीय. विक्रम नांगरायला निघाला होता, त्याला आडव्या झाल्या. म्हणाल्या, "त्यो आल्याबिगर तितं कांडी पुरायची न्हाई. भांडान आर्दं ऱ्हायलंय."

ते खरं आहे. सुटलो की आधी तुमच्या मातीच्या जागी येतो, मग बोरीखाली. आणि तुमच्या नावानं मूठभर शेंगा तिथं ठेवून स्वच्छ सांगतो, सुभेदार, पहिली मोजणीच बरोबर होती. सरी आमची आहे.